दोनशे वीस : फाइल देणाऱ्या यंत्रांचा माग

मंडळी, आजचा प्रश्न ऐकायला अगदी साधा आहे. आपल्या नेटवर्कवर फाइली देणारी-घेणारी यंत्रं नेमकी कोणती, हे ओळखायचं कसं? सुरक्षेचं काम इथूनच सुरू होतं. घराला दारं किती हेच ठाऊक नसेल, तर कुलपं किती आणायची?

एप्रिल १९७१. अमेरिकेत एमआयटीमध्ये अभय भूषण हा तरुण, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतला, 'आरएफसी ११४' लिहितो. एफटीपीचा हा पहिला मसुदा. अर्पानेट तेव्हा इतकं लहान होतं की कुठलं यंत्र कुठे आहे हे शोधावं लागत नसे. पुढे १९८५ मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांनी आरएफसी ९५९ मध्ये नियम पक्के मांडले. २१ क्रमांकाच्या पोर्टवर जोडणी करायची, की सर्व्हर आपण होऊन बोलतो: '२२०'. म्हणजे सेवा तयार आहे, या. बरेच सर्व्हर त्याच ओळीत आपलं नाव आणि आवृत्तीही सांगून टाकत. मग तुम्ही पासवर्ड द्यायचा, आणि तो तारेवरून उघडाच जाणार. वाटेत कुणी कान लावून बसला असेल तर त्यालाही वाचता येणार.

गंमत अशी, की अशा सर्व्हरांचा मोठ्या प्रमाणावर धांडोळा घेतला गेला तो आधी सोयीसाठी. १९९० मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात अ‍ॅलन एम्टेज यांचं 'आर्ची' सुरू झालं. निनावी प्रवेश देणाऱ्या एफटीपी सर्व्हरांकडून ते ठरावीक काळाने फाइलींच्या याद्या आणायचं, आणि अमुक फाइल कुठे मिळेल ते लोकांना सांगायचं. तेव्हा सापडणं ही चांगली गोष्ट होती!

१९९५ मध्ये वारं फिरलं. डॅन फार्मर आणि वित्से व्हेनेमा यांचं 'सॅटन' बाहेर आलं. नावावरूनच केवढा गदारोळ झाला. निनावी पाहुण्याला जिथे फाइल लिहिता येते असे एफटीपी सर्व्हर ते दाखवून देई. त्याच वर्षी आणखी एक दुखणं चव्हाट्यावर आलं. एफटीपीत 'माझी फाइल या पत्त्यावर पाठव' असं सर्व्हरला सांगता येतं. तो पत्ता तिसऱ्याचाच दिला तर? सर्व्हर मुकाट्याने तिसऱ्याचं दार ठोठावतो. खरा ठोठावणारा मागे लपलेला! म्हणजे असा सर्व्हर तुमच्याकडे असेल, तर दुसऱ्याच्या घरफोडीत तुमचा पत्ता सापडणार.

१९९७ मध्ये 'फ्रॅक' या मासिकात एनमॅप प्रसिद्ध झालं. ते पोर्ट उघडं आहे का हे सांगे, आणि २१ असेल तर एफटीपी, असं तक्त्यात बघून म्हणे. पण पोर्ट म्हणजे नुसता घरक्रमांक हो. कुणी एफटीपी २१२१ वर बसवलं, तर तक्ता फसला. म्हणून २००३ मध्ये एनमॅपने नवी रीत आणली: जोडणी करायची आणि काहीही न बोलता सुमारे पाच सेकंद ऐकत राहायचं. वेब सर्व्हर विचारल्याशिवाय बोलत नाही. एफटीपी मात्र स्वतःच स्वागत करतो. अर्थात नुसता '२२०' ऐकून भागत नाही, कारण ईमेल पोहोचवणारा एसएमटीपी सर्व्हरही '२२०'च म्हणतो. पुढचे शब्द ताडून बघावे लागतात. (हे सगळं आपल्या किंवा परवानगी असलेल्या नेटवर्कवरच करायचं बरं का.)

आता २०११ चं प्रकरण. 'व्हीएसएफटीपीडी', नावातच 'अतिशय सुरक्षित' असलेला सर्व्हर. त्याच्या २.३.४ या आवृत्तीच्या अधिकृत डाउनलोडमध्ये कुणीतरी चोरदार घालून ठेवलं. वापरकर्त्याच्या नावात हसऱ्या चेहऱ्याची खूण, म्हणजे अपूर्णविराम आणि कंस, टाकली की ६२०० क्रमांकाचं पोर्ट उघडायचं आणि समोरच्याला यंत्राचा ताबा मिळायचा. जुलैच्या सुरुवातीला हे उघडकीस आलं. आवृत्ती विचारून बघा: खरी प्रत म्हणते २.३.४, बाटलेलीही म्हणते २.३.४. दोघींचं स्वागत तेच. फरक कळला तो मूळ लेखकाची डिजिटल सही फाइलीशी पडताळली तेव्हा. ती जुळली नाही. ज्यांनी सही न तपासता ती प्रत बसवली होती, त्यांच्या स्कॅनच्या यादीत ती इतर सर्व्हरांसारखीच एक ओळ होती.