मिसिंग

कॉव्हेंट्रीत आमच्या समोरच्या घरात एक निवृत्त शिक्षक राहतात. वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्याकडे १९५८ची एमजीए आहे. दोन सीटांची, बिनछपराची, लाल. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी ती विकायला काढली. कारण विचारलं तर म्हणाले, आता हिच्यावर भरवसा राहिला नाही. वीस मिनिटं छान चालते, मग गरम झाली की अडखळते आणि चढावर दम सोडते. एका गॅरेजने दोन्ही कार्बोरेटर उतरवून नवे केले, भरपूर पैसे घेतले, पण अडखळणं तसंच राहिलं.

इंजिनाच्या चारपैकी एखाद्या सिलिंडरमध्ये वेळेवर स्फोट झाला नाही की इंग्रजीत त्याला मिसफायर म्हणतात. आपल्याकडच्या गॅरेजात ‘गाडी मिसिंग मारते’ म्हणतात. माझी नोकरी याच दुखण्याशी निगडित आहे. नव्या गाड्यांचा कॉम्प्युटर मिसिंग कसं ओळखतो, त्याच्या चाचण्या मी करतो. अमेरिकेत १९९६पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पेट्रोल मोटारीला ही सोय सक्तीची झाली. क्रॅंकशाफ्टच्या दातेरी चाकाशेजारी एक सेन्सर असतो. एखादा सिलिंडर पेटला नाही तर क्रॅंकशाफ्ट त्या क्षणी किंचित मंदावतो. कॉम्प्युटर ते टिपतो आणि कोड नोंदवतो. पी०३०३ म्हणजे तिसरा सिलिंडर. पी०३०० म्हणजे कुठला एक असा नाही, कुठलाही.

एमजीएला असलं काही नाही. मी बॉनेट उघडलं आणि जागच्या जागी थांबलो. हे इंजिन मी लहानपणापासून पाहत आलो होतो.

माझे वडील, आण्णा, साताऱ्यात एका सरकारी कार्यालयात ड्रायव्हर होते. त्यांची गाडी अर्थात अ‍ॅम्बेसेडर. त्या गाडीचं आणि या एमजीएचं इंजिन एकाच घराण्यातलं.

ते घराणं असं. ऑस्टिन आणि मॉरिस या इंग्लंडमधल्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या १९५२ साली एकत्र आल्या आणि ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन तयार झाली. ऑस्टिनकडचं ‘बी सिरीज’ इंजिन मग घरातल्या अनेक गाड्यांना बसू लागलं. १९५५ साली अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून एमजीए बाहेर पडली, तेव्हा तिच्यात याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन होतं. तेच इंजिन मॉरिस ऑक्सफर्डमध्येही होतं. त्या ऑक्सफर्डचा साचा बंगालमधल्या उत्तरपाड्याला आला आणि तिची अ‍ॅम्बेसेडर झाली. सुरुवातीच्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये जुनं साइड व्हॉल्व्ह इंजिन होतं, पण लवकरच तिलाही १४८९ सीसी मिळालं. फरक इतकाच की एमजीएला दोन कार्बोरेटर आणि अ‍ॅम्बेसेडरला एक. तिकडे तरुणांनी रविवारी ते पळवलं, इकडे तहसीलदार आणि वऱ्हाडी त्याच्यामागे बसले.

मी आण्णांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी चष्मा वर सरकवून पाहिलं आणि म्हणाले, “आरं, ही तर आपली अँबॅसिडर. फक्त धाकटी दिसतीय.”

मी त्यांना गाडी गरम होईपर्यंत थांबायला लावलं. मिसिंग सुरू झाल्यावर ते म्हणाले, “फोन सायलेन्सरपाशी धर.” मी धरला. बराच वेळ ऐकून ते म्हणाले, “एका ठेक्यानं चुकत नाही. कधी हा, कधी तो. आता एकेक वायर काढून बघ. रबरी हातमोजे घाल.”

ही पद्धत त्यांची एकट्याची नाही. मोटारींच्या जवळजवळ पहिल्या पिढीपासून मेकॅनिक हेच करत आले. इंजिन चालू ठेवून एका प्लगचा करंट तोडायचा. इंजिन लगेच पडलं, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर तो आधीपासूनच मेलेला होता, चोर सापडला. मग त्याचा प्लग, त्याची वायर, त्याचा व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर एकदम मेलेले असतील, तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट.

चारही वायरी काढून पाहिल्या. प्रत्येक वेळी इंजिन सारखंच पडलं.

इथे या इंजिनाची एक जुनी खोड उपयोगी पडली. बी सिरीजच्या हेडमध्ये पेट्रोल आत यायच्या वाटा चार नाहीत, दोनच आहेत. एक आणि दोन नंबरची एक वाट, तीन आणि चारची दुसरी. एमजीएत प्रत्येक वाटेवर एक कार्बोरेटर आहे. एक बिघडला असता तर जोडीनं दोन सिलिंडर मंद झाले असते. चोक जरासा ओढून पाहिला, त्यानेही फरक पडला नाही, म्हणजे पेट्रोल कमी पडत नव्हतं. कार्बोरेटरवर खर्च झालेले पैसे वाया गेले होते. दोष चौघांच्या सामाईक गोष्टीत होता, म्हणजे ठिणगीत.

ठिणगीची ही व्यवस्था चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने १९१०च्या सुमारास कॅडिलॅकसाठी घडवली आणि ती पुढची साठ-सत्तर वर्षं जगभर टिकली. बॅटरीचा करंट कॉइलमधून जातो. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडले की तो तुटतो. तुटण्याच्या क्षणी कॉइलमध्ये हजारो व्होल्ट उभे राहतात आणि रोटर ते पाळीनं एक, तीन, चार, दोन या क्रमाने प्लगना वाटतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर सेकंदाला शंभर ठिणग्या. पण पॉइंट उघडताना करंट सहजी थांबत नाही, फटीतून उडी मारू पाहतो. तो आवरायला बोटाच्या पेराएवढा एक कंडेन्सर असतो. कंडेन्सर गळका झाला की ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवरच पडते.

“शेवटचा हात कुणी नि कुठं लावला, ते आधी इचार,” आण्णा म्हणाले.

मी विचारलं. शिक्षकांनी आठवून सांगितलं की वसंत ऋतूत त्यांनी स्वतःच पॉइंट आणि कंडेन्सर नवे घातले होते. जुने चांगले होते, पण सर्व्हिसिंग म्हणून. अडखळणं सुरू झालं ते त्यानंतरच्या आठवड्यात. नवा भाग बिघडलेला असेल ही शंका कुणालाच आली नव्हती, गॅरेजवाल्यालाही नाही.

डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. चार महिन्यांचे पॉइंट जळून निळे पडले होते. थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर आतलं इन्सुलेशन हार मानणारं, हे कंडेन्सरचं नेहमीचं दुखणं. शिक्षकांनी जुना कंडेन्सर बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवला होता. तो बसवला, पॉइंट पॉलिश पेपरने घासले, गॅप लावला. मग आम्ही दोघं तासभर फिरलो. चढावरही ती अडखळली नाही. ते काही बोलले नाहीत, पण घरी आल्यावर त्यांनी विक्रीची पाटी काचेवरून काढली.

घरी येऊन मी माझ्या कामाकडे पाहिलं तेव्हा थोडा ओशाळलो. आमचा कॉम्प्युटर क्रॅंकशाफ्टचं मंदावणं मोजतो. आण्णा सायलेन्सरपाशी तेच ऐकत होते. त्यांनी मला सांगितलेलं निदान आमच्या भाषेत पी०३०० होतं. या इंजिनाचा इतिहास लिहिताना ऑस्टिन, मॉरिस, केटरिंग ही नावं येतात, आणि यायलाच हवीत. अ‍ॅबिंग्डन १९८०ला बंद पडलं, अ‍ॅम्बेसेडर मात्र २०१४पर्यंत बनत राहिली. त्या सगळ्या वर्षांत ती चालती ठेवणाऱ्यांची नावं कुठे नाहीत. शाळेत असताना वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी ‘सरकारी नोकरी’ लिहायचो. ड्रायव्हर लिहायला लाजायचो.

रात्री आण्णांना सगळं सांगितलं. ते खूश झाले, पण लगेच म्हणाले, “जुना कंडेन्सर किती दिवस पुरंल? सायबाला म्हणावं, चांगला दुसरा बघून ठेव. आन् बसवायच्या आधी गाडी तापवून बघ.”