संगणक-निदानाची मोफत साधने

वैयक्तिक संगणकाच्या आत काय चालले आहे ते दाखवणारे, आणि नव्याने मांडायच्या संगणकावर विंडोज किंवा लिनक्स, लागणारे प्रोग्राम व मराठी कळफलक बसवायला मदत करणारे विनामूल्य प्रोग्राम. हातकणंगले तालुक्यात संगणक रोजच्या पोटापाण्याच्या कामाला जुंपलेला आहे. इचलकरंजीच्या यंत्रमाग कारखान्यांत त्यावर टॅली चालते, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ओतकामाची ड्रॉइंग उघडतात, हुपरीच्या चांदी व्यवसायात बिले निघतात आणि गावोगावच्या सेवा केंद्रांत दाखल्यांचे अर्ज भरले जातात. असा संगणक रखडू लागला की उपाय बहुधा आधीच ठरलेला असतो : फॉरमॅट मारायचा. प्रस्तुत नोंदीचे प्रतिपादन असे की फॉरमॅट हा उपचार आहे आणि निदानाआधी उपचार करणे चुकीचे आहे. मोफत साधनांची खरी किंमत त्या निदानात आहे. संगणक ‘फास्ट’ करून देण्याचे वचन देणाऱ्या साधनांची गरज जवळजवळ कधीच पडत नाही.

निदानाची पहिली साधने विंडोजमध्येच असतात, वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही. डेव्ह प्लमर या अभियंत्याने लिहिलेला टास्क मॅनेजर १९९६ च्या विंडोज एनटी ४.० पासून सोबत येतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबले की तो उघडतो, आणि प्रोसेसर, मेमरी व डिस्क या तीन रकान्यांत दुखणे कुठे आहे याचा पहिला अंदाज मिळतो. डिस्कचा रकाना सतत शंभर टक्क्यांवर आणि प्रोसेसर दहा टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर मशीन जुन्या फिरत्या हार्डडिस्कची वाट पाहत बसले आहे. फॉरमॅटनंतर ते काही आठवडे बरे वाटेल, पण खरा इलाज एसएसडी हाच. मेमरीचा रकाना भरलेला असेल तर रॅम वाढवावी. विंडोजमधलाच रिलायबिलिटी मॉनिटर मात्र फारसा कोणी उघडत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. त्यात तारीखवार आलेख असतो आणि बिघाडाच्या दिवशी लाल फुली उमटते. फुलीवर टिचकी मारली आणि ‘विंडोज नीट बंद झाले नव्हते’ अशा अर्थाची ओळ पुन्हापुन्हा दिसली, तर संशय आधी वीजपुरवठ्यावर, यूपीएसच्या बॅटरीवर किंवा एसएमपीएसवर घ्यावा. यूपीएस दुबळा असताना विंडोज दहा वेळा नवे टाकले तरी संगणक मध्येच बंद पडतच राहणार.

डिस्कची तपासणी सर्वांत मोलाची, कारण बाकी सारे सुटे भाग विकत मिळतात, वर्षभराची हिशेबवही मिळत नाही. हार्डडिस्क आणि एसएसडी ‘स्मार्ट’ नावाची स्वतःची नोंदवही ठेवतात. ती वाचायला क्रिस्टलडिस्कइन्फो हा छोटा जपानी प्रोग्राम पुरतो. त्याला डिस्कचा सातबारा म्हणायला हरकत नाही. डावीकडच्या चौकोनात ‘गुड’ निळ्या, ‘कॉशन’ पिवळ्या आणि ‘बॅड’ लाल रंगात येते आणि त्याखाली तापमान दिसते. खालच्या यादीत तीन ओळी शोधाव्यात : ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे संशयित सेक्टर आणि सी६ म्हणजे वाचताच न आलेले सेक्टर. शेवटच्या रकान्यातले आकडे मुळात षोडशमान पद्धतीत असतात, त्यामुळे तिथले १० म्हणजे सोळा. हे ठाऊक नसल्याने आकडा कमी समजला जातो.

यावर रास्त आक्षेप असा की ही नोंदवही दगा देते. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी चार प्रमुख धोक्याच्या खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. पण त्याच अभ्यासात असेही आढळले की पहिली स्कॅन-चूक (डिस्क स्वतःचा पृष्ठभाग तपासताना सापडलेला दोष) दिसल्यापासून साठ दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट असते. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले की नियम सरळ निघतो : ‘गुड’ ही हमी नव्हे, ‘कॉशन’ मात्र हुकूम आहे. पिवळा रंग दिसल्यावर आधी डेटा काढावा, मग डिस्क बदलावी. तिच्यावर फॉरमॅट मारून नवा संसार थाटू नये. बॅकअप तर दोन्ही रंगांत हवाच. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गापर्यंत आले. तळमजल्यावरच्या ऑफिसातल्या डिस्कची प्रत त्याच टेबलाच्या खणात ठेवणे याला बॅकअप म्हणता येत नाही.

उष्णतेचे मोजमाप एचडब्ल्यूइन्फो करतो. इंटेलचे बरेच प्रोसेसर शंभर अंश सेल्सियसच्या आसपास पोचले की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतात, आणि वापरणाऱ्याला वाटते की व्हायरस आला.  इचलकरंजीत मागांच्या शेजारी बसलेल्या संगणकाच्या पंख्यात सुताचे बारीक तंतू अडकणे अगदी स्वाभाविक आहे. तापमान मोजले तर ब्लोअर मारून आणि थर्मल पेस्ट बदलून काम भागते. मेमरीच्या शंकेसाठी मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवरून चालवावा. रॅमची पट्टी खोडरबराने पुसून परत लावल्यावर दोष गेला की राहिला, हेही त्यातून कळते. जुना संगणक विकत घेताना प्रोसेसरचे नेमके मॉडेल दाखवणारा सीपीयू-झेड उपयोगी पडतो. ‘आय५ आहे’ एवढ्यावर व्यवहार करू नये, कारण २०११ चा आय५-२४०० आणि २०२२ चा आय५-१२४०० ही दोन्ही मशीन त्याच नावाने विकली जातात. पहिल्यात चार गाभे, दुसऱ्यात सहा. शिवाय विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-यंत्रणा लागत असल्याने पहिल्यावर ते अधिकृतपणे बसत नाही. विक्रेत्यासमोर पाच मिनिटे हा प्रोग्राम चालवला की हे सारे उघड होते.

सफाई करणाऱ्या प्रोग्रामांबद्दल मत कडक ठेवावे लागते. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांची नोंदवही, साफ करणाऱ्या साधनांना आपला पाठिंबा नसल्याचे खुद्द मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे, आणि जुन्या नोंदी पुसल्याने वेग वाढल्याचा ठोस पुरावा नाही. धोका मात्र पुराव्यानिशी आहे. २०१७ मध्ये १५ ऑगस्ट ते १२ सप्टेंबर या काळात सीक्लीनर या सफाईच्या प्रोग्रामच्या ५.३३ आवृत्तीतच घातक कोड घुसवलेला होता. फाइल अधिकृत ठिकाणची, तिच्यावर कंपनीची खरी डिजिटल सही, तरीही ती सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर पोचली. मग ‘फुकटचे सगळेच धोक्याचे’ असे म्हणावे का? नाही, पण जे साधन फक्त वाचते ते आणि जे पुसते किंवा बदलते ते, यांत फरक करावा. संगणक सुरू होताना कोण कोण सोबत उठते हे पाहायला ऑटोरन्स आहे. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या सिसइंटर्नल्स संचातले हे साधन २००६ पासून मायक्रोसॉफ्टकडे आहे. त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी झाकून उरलेल्यांपैकी अनोळखी नोंदीची खूण काढावी, नोंद पुसू नये. चूक झाली तर खूण परत करता येते. परवान्याकडेही लक्ष हवे. फाइली आवळून बांधणारा सेव्हन-झिप दुकानातही मोफत आहे, पण डिस्कवरची जागा कशाने व्यापली ते दाखवणारा विझट्री आणि एचडब्ल्यूइन्फो हे केवळ खाजगी, बिगरव्यापारी वापरासाठी मोफत आहेत.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा : एवढे कशाला शिकायचे, दुरुस्तीवाला आहेच. तो हवाच. पण ‘सी५ मध्ये आकडा आला आहे, आधी डेटा काढून द्या’ असे सांगणाऱ्या गिऱ्हाइकाचे काम आणि ‘स्लो झालाय, बघा’ म्हणणाऱ्याचे काम एकाच रीतीने होत नाही. तिसरा आक्षेप अधिक खोल आहे : मोबाइल आल्यावर संगणकाची चिंता का करावी? याचे उदाहरण शेजारीच घडले. वारणा खोऱ्यातल्या सत्तर गावांना संगणकाने जोडण्याची योजना १९९८ मध्ये सुरू झाली. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाने सात गावांत आठ महिने त्या संगणकांऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर उसाची माहिती देऊन पाहिली. ती पद्धत स्वस्त, सोयीची आणि शेतकऱ्यांना अधिक पसंत ठरली. उसाच्या वजनाचा आकडा कळवण्यापुरता हा निर्णय योग्यच होता. हिशेब, डिझाइन, छपाई आणि अर्जांची थप्पी ही कामे मात्र आजही टेबलावरच्या संगणकावर होतात. मोबाइलने संगणक हटवला तो फक्त निरोपाच्या कामातून.

निदानानंतरही फॉरमॅट अटळ ठरला तर क्रम पाळावा. टॅलीचे फोल्डर, ब्राउझरचे पासवर्ड, डिजिटल सहीचे आणि प्रिंटरचे ड्रायव्हर यांची नोंद करावी. छापखान्यांत श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फाइली असतात. तो फॉन्ट पुन्हा बसवला नाही तर मजकुराची नुसती चिन्हे होतात. विंडोजची फाइल मायक्रोसॉफ्टकडूनच घ्यावी आणि रुफस या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर चढवावी. विंडोज १० किंवा ११ चा डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, त्यामुळे तीच आवृत्ती टाकल्यास इंटरनेट लागल्यावर तो आपोआप लागू होतो. अशा मशीनवर क्रॅक टाकणे म्हणजे विनाकारण दार उघडे ठेवणे. नेहमीचे प्रोग्राम नाइनाइट एका फटक्यात बसवतो. मराठीसाठी इनस्क्रिप्ट विंडोजमध्येच असते आणि विंडोज १० च्या २०१९ मधल्या १९०३ आवृत्तीपासून उच्चारानुसार टाइप करायचा कळफलकही आला आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जी मशीन ११ ला पात्र नाहीत, त्यांवर लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरूनच, काही न बसवता, चालवून पाहता येते. त्यात प्रिंटर, वायफाय आणि बोटांचे ठसे घेणारे यंत्र चालते का ते तपासावे. ठशांचे यंत्र चालले नाही तर सेवा केंद्राच्या त्या टेबलावर विंडोज ११ ला पात्र असलेले मशीनच घ्यावे लागते.