एकाच बागेतील दोन घराणी

बोर फोडावे आणि आत अळी निघावी, हा अनुभव आपल्यापैकी कोणाला नाही? आंब्यातही अळी निघते, आणि आपण दोघींनाही सारख्याच तिरस्काराने फेकून देतो. पण बोरातल्या माशीचे जवळचे गोत्र आंब्याच्या माशीशी नव्हे, तर सातासमुद्रापलीकडच्या सफरचंदाच्या माशीशी जुळते. आज त्या अमेरिकन भाऊबंदांचीच हकीकत सांगावयाची आहे.

आपण खातो ते सफरचंद अमेरिकेत सतराव्या शतकात युरोपीय वसाहतवाल्यांनी नेले. १८६०च्या दशकात हडसन नदीच्या खोऱ्यातील बागायतदार एका अळीने हैराण झाले. १८६७ साली बेंजामिन वॉल्श याने त्या माशीचे नामकरण केले. केंब्रिजमध्ये शिकलेला हा इंग्रज गृहस्थ इलिनॉयमध्ये शेती व लाकडाचा व्यापार करून उतारवयात कीटकांकडे वळलेला. डार्विनचा कट्टर कैवारी. तो म्हणाला, ही माशी नवी नव्हे. हॉथॉर्न नावाच्या रानटी काटेरी झाडाच्या बोराएवढ्या तांबड्या फळांवर ती पूर्वीपासून जगत होती. त्यातील काही सफरचंदावर गेल्या, आणि त्यांची हळूहळू वेगळी जात होईल. १८६९ साली रेल्वेच्या अपघाताने तो गेला आणि प्रश्न तसाच राहिला.

पुढे अर्न्स्ट मायर यांच्यासारख्या अधिकारी पुरुषाने १९४२च्या ग्रंथात उलट मत हिरीरीने मांडले. डोंगर, नदी किंवा समुद्र आड आल्यावाचून एका जातीच्या दोन कशा होणार? रोज भेटणाऱ्यांत बेटीव्यवहार थांबेल कसा?

उत्तर १९६०च्या दशकात गाय बुश यांनी माशीच्या संसारातच शोधले. या माश्यांची सोयरीक जमते ती फळावरच. म्हणजे फळ निवडले की जोडीदारही निवडला! त्यातून सफरचंद हॉथॉर्नच्या तीन-चार आठवडे आधी पिकते, आणि माशीचे पंख फुटल्यानंतरचे आयुष्य जेमतेम महिन्याचे. मुहूर्तच जुळत नाही. १९८८ साली दोन्हींच्या आनुवंशिक गुणांत खरोखरच फरक आढळला. तथापि दर पिढीत चार ते सहा टक्के सरमिसळ चालूच असते. तेव्हा घराणी दोन झाली, जाती अजून झाल्या नाहीत.

मात्र वॉल्शचा पुरता विजय झाला असे मी म्हणणार नाही. जमिनीतल्या कोशाची झोप केव्हा मोडावी हे ठरवणारा आनुवंशिक फरक मेक्सिकोच्या पठारावर, दूर पडलेल्या माश्यांत, दहा-पंधरा लाख वर्षांपूर्वी उपजला होता, असे २००३ साली दिसून आले. मायर यांचा डोंगर होता. फक्त फार पूर्वी आणि फार दूर.

इकडे या अळ्यांत अंडी घालून त्यांच्यावरच जगणारी एक गांधीलमाशी आहे. तिचीही दोन फळांप्रमाणे दोन घराणी होऊ लागल्याचे २००९ साली आढळले.