औषध आधी, कारण नंतर

मी तत्त्वज्ञानाचा माणूस. मी परजीवींवर बोलावं याचं तुम्हाला नवल वाटेल. पण 'कारण' म्हणजे काय, हा प्रश्न आमचाच आहे, आणि काळ्या आजाराच्या इतिहासात तो फार ठळकपणे समोर येतो.

1903 मध्ये लिशमन आणि डोनोव्हन यांनी स्वतंत्रपणे या रोगाचा परजीवी दाखवून दिला. 1920 च्या सुमारास कलकत्त्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी अँटिमनीपासून युरिया स्टिबामाइन तयार केलं. मरणाच्या दारातले रोगी उठून बसू लागले. पण ते परजीवीला मारतं कसं? कोणालाच ठाऊक नव्हतं. नैयायिकांच्या भाषेत, व्याप्ती हाती होती, कारण नव्हतं.

आता बघा, हा लिश्मानिया राहतो कुठे? जंतू गिळणाऱ्या आपल्याच भक्षक पेशीत. चोराने पोलीस चौकीतच मुक्काम ठोकावा, तसं! ही पेशी जंतूवर सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड अशा जहाल पदार्थांचा मारा करते. आपल्या पेशींपाशी अशा माऱ्याविरुद्ध कॅटलेज आणि ग्लुटाथायोन रिडक्टेज ही एन्झाइम्स असतात. याच्याकडे ही दोन्ही नाहीत. मग तो तगतो कसा?

1985 मध्ये फेअरलँब, सेरामी आणि सहकाऱ्यांनी याच कुळातल्या एका परजीवीत उत्तर शोधलं. ग्लुटाथायोनचे दोन रेणू स्पर्मिडिनने जोडलेले: ट्रायपॅनोथायोन. पेरॉक्साइड निष्प्रभ करताना हा रेणू स्वतः ऑक्सिडाइज होतो, आणि एक खास एन्झाइम त्याला पुन्हा कामाजोगा करतं. माणसाच्या शरीरात ना हा रेणू, ना ते एन्झाइम.

पुढे दिसून आलं, की अँटिमनी नेमकं याच एन्झाइमला अडवतं, आणि ट्रायपॅनोथायोन पेशीबाहेर गळू लागतं. ढालच निखळते! ब्रह्मचारींच्या औषधाचं 'का' उलगडायला अशी जवळपास ऐंशी वर्षं गेली.

आणि तोवर उत्तर बिहारमध्ये अँटिमनीची औषधं निकामी ठरू लागली होती. अपुरे डोस हे त्याचं एक कारण. तिथल्या दाद न देणाऱ्या परजीवींत ट्रायपॅनोथायोन बरेचदा वाढलेलं आढळलं. म्हणजे तीच ढाल, आणखी जाड झालेली.

कारण न कळताही माणूस वाचवता येतो, हे ब्रह्मचारींनी दाखवलं. त्यांचं मोल त्याने तसूभरही कमी होत नाही. पण औषध चालेनासं झालं, की पुढे कुठे शोधायचं हे कारणच सांगतं.