शून्यलब्धीचा वारसा

कॅल्क्युलस म्हटले की लालबाग-परळच्या किती तरी मुलांच्या पोटात गोळा येतो. दहावीपर्यंत मराठीत बीजगणित, त्रिकोणमिती शिकलेले मूल अकरावी सायन्सला जाते आणि फंक्शन, लिमिट हे शब्द एकदम इंग्रजीतून कानावर आदळतात. गणिताइतकीच भाषेचीही धास्ती!

पण याच मुंबईत हा विषय मराठीत लिहिला गेला होता. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर १८३४ साली एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवू लागले. त्यांच्या ग्रंथांत 'शून्यलब्धिगणित' आहे, म्हणजे कॅल्क्युलसच. १८४६ मध्ये ते वारले. मुंबई विद्यापीठ निघाले १८५७ साली!

मी कलाशाखेचा पदवीधर, त्यातून कवी. मला त्या शब्दाचेच अप्रूप. अंतर शून्याजवळ नेत जायचे आणि शेवटी हाती काही लाभायचे, हे सारे त्यात आले. 'अल्जिब्रा'चे मूळ अरबी 'जब्र'. मोडलेले सांधणे, हा त्याचा एक अर्थ. आपली मुले मोडतात ती अकरावीच्या पायरीवर. ती पायरी सांधायला इंग्रजी शब्दाशेजारी एक मराठी शब्द ठेवला, तरी पुष्कळ झाले. बाळशास्त्री विद्यापीठासाठी थांबले नाहीत. मग आपण कशासाठी थांबलो आहोत?