लुकलुकणारा इशारा : बहरीनमधील मोटार-वायरिंगच्या कारागिरीचा इतिहास

जुन्या आलिशान मोटारीच्या डॅशबोर्डवरील इशाऱ्याचा दिवा कधी लागतो, कधी आपोआप विझतो आणि गाडी गॅरेजमध्ये आणल्यावर नेमका गप्प बसतो, तेव्हा त्या दोषाला कारागीर सरसकट ‘लूज कॉन्टॅक्ट’ म्हणतात. ठरावीक परिस्थिती जुळून आली तरच उमटणारा आणि ती सरताच नाहीसा होणारा हा दोष मोटारीच्या विद्युत दुरुस्तीतील सर्वांत चिवट दोष मानला जातो. बहरीनच्या बेटांवर तो शोधण्याची जी कारागिरी घडत गेली, तिच्यावर तेथील खाऱ्या हवेचा, तेलाच्या पैशातून आलेल्या गाड्यांचा आणि समुद्रापलीकडून आलेल्या कामगारांचा ठसा आहे. या इतिहासात साधने अनेकदा बदलली. परंतु दिवा काय सांगतो यापेक्षा तो केव्हा लागतो हे आधी पाहावे, हे सूत्र आजवर कायम राहिले आहे.

या कारागिरीची पार्श्वभूमी समजण्यासाठी मुंबईकडे पाहणे आवश्यक ठरते. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी 1862 पासून मुंबई आणि इराणच्या आखाताच्या दरम्यान टपाल व उतारू नेत असत, आणि त्या मार्गावरील ‘द्वारका’ ही शेवटची उतारू बोट 1982 पर्यंत चालू होती. बहरीनचे मोती मुंबईच्या बाजारात विकले जात. बहरीनमधील व्यवहार रुपयांत चाले आणि 1965 साली दिनार आला, तेव्हा एका दिनाराला दहा आखाती रुपये असा दर ठरला. 1932 साली जेबेल दुखान टेकडीच्या पायथ्याशी तेल लागले आणि मोटारींची गरज व ऐपत दोन्ही वाढली. बहरीनमधील वाहतूक मुंबईप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने चाले. ती 1967 च्या नोव्हेंबरमध्ये उजवीकडे आली. त्यामुळे तोपर्यंत मुंबईच्या गॅरेजांत ब्रिटिश गाड्यांवर हात बसलेल्या माणसाला बहरीनची राजधानी मनामा येथील काम परके वाटण्याचे कारण नव्हते.

त्या काळातील बहुतेक ब्रिटिश गाड्यांत बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीची विद्युत सामग्री असे. मोटारीत प्रत्येक दिव्याला परतीची स्वतंत्र तार देत नाहीत; बॅटरीचे एक टोक गाडीच्या पोलादी सांगाड्याला जोडून तो सांगाडाच परतीचा मार्ग म्हणून वापरतात, आणि या जोडणीला ‘अर्थ’ म्हणतात. ब्रिटिश गाड्यांत पूर्वी बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. 1960 च्या दशकात ही पद्धत मागे पडून ऋण टोक जोडण्याची पद्धत रूढ झाली. इशाऱ्याचे दिवे तेव्हा मोजकेच होते. तेलाच्या दाबाचा दिवा आणि चार्जिंगचा दिवा हे थेट आपापल्या स्विचला वा डायनामोला जोडलेले असल्याने दिव्यापासून दोषापर्यंतची वाट एकाच तारेची होती. टेस्ट लॅम्प, म्हणजे एका टोकाला चिमटा आणि दुसऱ्या टोकाला सुई असलेला साधा बल्ब, हातात असला की ती तार तपासता येई.

बेटाच्या हवामानाने मात्र हा सोपेपणा फार काळ टिकू दिला नाही. उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो, हवेत समुद्राचे बाष्प व क्षार असतात आणि वाऱ्याबरोबर बारीक धूळ येते. क्षाराचा ओलावा तांब्याच्या टर्मिनलवर हिरवट गंज चढवतो आणि पोलादी सांगाड्यावरील अर्थच्या बोल्टखाली तांबेरा धरतो. दिवसाच्या तापाने आणि रात्रीच्या गारव्याने जोड प्रसरण व आकुंचन पावतात. त्यांच्यातील सूक्ष्म घर्षणामुळे कथिलाच्या मुलाम्यावर ऑक्साइडचा पातळ थर साचतो. हा थर कधी प्रवाह जाऊ देतो, तर कधी अडवतो. वातानुकूलन यंत्राच्या पाण्याची नळी धुळीने तुंबली तर थेंब गालिच्याखाली मुरतात, आणि अनेक आलिशान गाड्यांची नियंत्रण पेटी नेमकी तेथेच बसवलेली असते. म्हणूनच पहाटे दमट हवेत लागणारा दिवा, दुपारी उन्हात उभ्या गाडीत लागणारा दिवा आणि एसी तासभर चालल्यावर लागणारा दिवा हे तीन वेगळे दोष दर्शवतात, असे अनुभवी वायरमन मानतो.

1973 नंतर तेलाचे भाव चढले आणि आखातात जर्मन आलिशान गाड्यांची मागणी वाढली, तेव्हा कारागिरांना जुने ज्ञान काही अंशी उलटे करून शिकावे लागले. ब्रिटिश रंगसंकेतात तपकिरी तार बॅटरीचा कायम चालू पुरवठा दाखवते आणि काळी तार अर्थ दाखवते. जर्मन गाडीत मात्र तपकिरी तार हीच अर्थ असते आणि लाल तार कायम चालू असते. त्याशिवाय जर्मन मानकाप्रमाणे टोकांना क्रमांक असतात : 30 म्हणजे बॅटरीचा थेट पुरवठा, 15 म्हणजे किल्ली फिरवल्यावर मिळणारा पुरवठा आणि 31 म्हणजे अर्थ. एकाच रंगाची तार दोन गाड्यांत परस्परविरुद्ध अर्थाची असल्याने रंगावर विसंबून जोडणी करणाऱ्याच्या हातून फ्यूज उडणे किंवा वायरिंग जळणे अटळ होते. सर्किटचा नकाशा वाचण्याची सवय ही या टप्प्यावरील अनिवार्य पायरी ठरली.

याच गाड्यांनी इशाऱ्याच्या दिव्याचे स्वरूपही बदलले. मागील बल्ब गेल्याची सूचना देणाऱ्या व्यवस्थेच्या एका प्रकारात काचेच्या नळीतील नाजूक संपर्काभोवती दोन वेटोळी गुंडाळलेली असतात आणि डाव्या व उजव्या बल्बांचे प्रवाह त्यांतून परस्परविरुद्ध दिशांनी वाहतात. दोन्ही प्रवाह सारखे असले की चुंबकीय परिणाम एकमेकांना रद्द करतात. एक घटला की संपर्क जुळतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. म्हणजे हा दिवा बल्ब पाहत नाही, तो फक्त दोन प्रवाहांतील फरक पाहतो. 21 वॅटचा ब्रेकचा बल्ब 12 व्होल्टवर सुमारे 1.75 अँपिअर प्रवाह घेतो. अर्थच्या गंजलेल्या बोल्टमुळे त्याच्या मार्गात अवघा अर्धा ओहम रोध वाढला तरी बल्बच्या वाट्याचे सुमारे 0.8 व्होल्ट वाया जातात आणि शाबूत बल्ब गेल्याचा इशारा मिळू शकतो. अशा वेळी बल्ब बदलल्याने इशारा काही दिवस थांबतो, कारण काढताना व बसवताना टर्मिनल घासले जाते, आणि पुढच्या दमट पहाटे तो पुन्हा उगवतो.

या दोषावरील खरा उपाय असलेली ‘व्होल्टेज ड्रॉप’ चाचणी कारागिरीच्या परिपक्वतेची खूण मानावी लागते. वायर सुटी करून मल्टिमीटरने ओहम मोजले तर अर्धा ओहम मीटरच्या स्वतःच्या तारांच्या रोधात हरवून जातो. त्याऐवजी जाणता वायरमन बल्ब पेटता ठेवतो, मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी बल्बच्या अर्थवर टेकवतो. प्रवाह वाहत असताना तेथे दशांश-दोन दशांश व्होल्टपेक्षा अधिक दिसले, तर परतीच्या मार्गात कोठेतरी अडथळा आहे. मग सुई एकेक जोड पुढे सरकवत, सोबत वायरिंगचा जुडगा हलक्या हाताने हलवत, आकडा जेथे उडी मारतो ती जागा तो पकडतो. बोल्ट काढून धातू चमकेपर्यंत घासणे, पुन्हा आवळणे आणि वर ग्रीस लावणे एवढ्यावर काम संपते.

1986 हे वर्षही महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी बॉश कंपनीने ‘कॅन’ ही दळणवळण पद्धत जगापुढे ठेवली. या पद्धतीत गाडीतील अनेक नियंत्रण पेट्या पिळलेल्या दोन तारांवरून एकमेकींशी संदेश देवाणघेवाण करतात. 1990 च्या दशकात ती आलिशान गाड्यांत रुळली. अमेरिकेत 1996 पासून 16 पिनांचे निदान-सॉकेट सक्तीचे झाले, युरोपात पेट्रोल गाड्यांना 2001 पासून ते लागू झाले, आणि गॅरेजमध्ये ‘कोड काढणे’, म्हणजे सॉकेटला स्कॅनर जोडून पेटीने नोंदवलेल्या दोषाचा संकेत वाचणे, हा शब्दप्रयोग रूढ झाला.

स्कॅनरने शोधाचे क्षेत्र पुष्कळ कमी केले, हे मान्यच करावे लागते. तथापि कोड हा पेटीने केलेला तर्क असतो. उष्णतेने थकलेल्या बॅटरीचा दाब स्टार्टर फिरताना 10 व्होल्टच्या खाली गेला, तर एबीएस, एअरबॅग आणि गिअरबॉक्स अशा निरोगी यंत्रणाही एकाच वेळी दोष नोंदवू शकतात. तेव्हा सुटे भाग बदलण्यापूर्वी बॅटरी आणि अर्थ तपासणे हाच शहाणपणा ठरतो. वेगवान कॅन जोडणीच्या दोन टोकांना 120 ओहमचे दोन रोधक असल्याने बॅटरी सोडवून मोजल्यास सुमारे 60 ओहम मिळतात; 120 मिळाले तर एक टोक तुटले आहे, हे स्कॅनरविना कळते.

आज सलमाबाद आणि सित्राच्या गॅरेज-वस्त्यांत हे काम मोठ्या प्रमाणावर भारतीय उपखंडातून आलेल्या कामगारांच्या हातून होते. कोकणातील रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतून आखातात नोकरीला जाण्याची परंपरा जुनी आहे, आणि आयटीआयमध्ये शिकलेल्या वायरमनला गॅरेज हे तेथील एक ओळखीचे दार असते. परंतु विशिष्ट गाडी कोणत्या हवेत कोणता इशारा देते, हे ज्ञान त्या कामगाराच्या स्मरणातच राहते आणि नोकरीचा करार संपला की त्याच्याबरोबर बेट सोडून जाते. पुढचा माणूस तोच दोष नव्याने शोधतो आणि गाडीचा मालक तेच पैसे पुन्हा मोजतो. या अपव्ययावरचा उपाय महागडा नाही : दिवा लागण्याची वेळ, हवेचा दमटपणा, एसीची स्थिती, बॅटरीचा दाब आणि प्रत्येक अर्थवरील व्होल्टेज ड्रॉप यांची नोंद प्रत्येक गाडीच्या नावाने, कामगाराला येणाऱ्या भाषेत, गॅरेजने ठेवली पाहिजे. मोत्यांच्या आणि तेलाच्या व्यापाराची दप्तरे ज्या काळजीने जपली गेली, तीच काळजी गाड्या चालत्या ठेवणाऱ्या या हातांच्या ज्ञानालाही मिळायला हवी.