मतदार परदेशी, मतदान गावी

४ जून २०२४ रोजी सकाळी आठ वाजता गोव्यात लोकसभेच्या मतमोजणीस प्रारंभ झाला, तेव्हा दुबईत साडेसहा, तर लंडन व लिस्बनमध्ये पहाटेचे साडेतीन वाजले होते. तेथील गोमंतकीयाला आज उत्तर व दक्षिण गोव्याचा कौल फेरीगणिक कळू शकतो. तो कौल घडविण्यात मात्र त्याचा वाटा क्वचितच असतो. याचे कारण कायद्याच्या रचनेत आहे.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० मध्ये २०१० साली दुरुस्ती होऊन कलम २०-अ समाविष्ट झाले व फेब्रुवारी २०११ पासून ते अमलात आले. त्यानुसार नोकरी, शिक्षण वा अन्य कारणाने परदेशी राहणारा, परंतु अन्य देशाचे नागरिकत्व न घेतलेला प्रौढ भारतीय आपल्या पासपोर्टवरील पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवू शकतो. त्यासाठी नमुना ६-अ भरावा लागतो. अशा मतदारास छायाचित्र ओळखपत्र मिळत नाही. केंद्रावर मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. ग्यानबाची मेख येथेच आहे. मतदान गावच्या केंद्रावर स्वतः उपस्थित राहूनच करावे लागते.

सैनिकांना आणि परदेशी नेमणुकीवर असलेल्या शासकीय कर्मचाऱ्यांना टपाली मतदानाची सोय आहे. आखातातील कामगारास किंवा व्यापारी जहाजावरील तारवटीस ती नाही. परदेशस्थांना प्रतिनिधीमार्फत मतदान करू देणारे विधेयक लोकसभेने ऑगस्ट २०१८ मध्ये संमत केले. मात्र राज्यसभेची मंजुरी मिळण्यापूर्वीच सोळाव्या लोकसभेची मुदत संपली आणि ते रद्दबातल ठरले. २०२४ मध्ये देशभरात सुमारे १ लाख १९ हजार परदेशस्थ मतदारांची नोंद होती. प्रत्यक्ष मतदान केले तीन हजारांहून कमी जणांनी, आणि त्यांतील बहुतेक केरळचे होते.

गोव्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग खुला आहे. परंतु स्वेच्छेने परकीय नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते आणि मताधिकारही जातो. 'ओसीआय' कार्डामुळे तो परत मिळत नाही. उलट पोर्तुगालच्या २३० सदस्यांच्या संसदेत चार जागा देशाबाहेरील नागरिकांसाठी असून त्यांना टपालाने मत देता येते. म्हणजे लंडनमध्ये राहणारा गोमंतकीय लिस्बनचा प्रतिनिधी घरबसल्या निवडू शकतो. भारतीय पासपोर्ट जपणाऱ्या त्याच्या शेजाऱ्याला मात्र गावचा आमदार निवडण्यासाठी विमानाचे तिकीट काढावे लागते.

२०२२ च्या विधानसभा निवडणुकीत सांत आंद्रे मतदारसंघाचा निकाल अवघ्या ७६ मतांनी लागला. आखातातून दाबोळीस येणाऱ्या एका विमानात याहून अधिक प्रवासी असतात.